डाव्या कुशीची जमीन

अप्पा जमिनीवर आडवे झाले तेव्हा मी मान फिरवली. सरकारी नोकरीतला माणूस, खाकी अर्धी चड्डी, सदऱ्याच्या खिशात पेन, आणि भर सकाळी सगळ्यांदेखत आमराईतल्या तांबड्या मातीवर डाव्या कुशीवर निजलेला. एक हात उशाला, गुडघे किंचित दुमडलेले, डोळे मिटलेले. तंबूचं कापड अजून दोरीनं बांधलेलं शेजारीच पडलं होतं.

आत्या बैलगाडीतून उतरलीही नव्हती. तिथूनच तिनं विचारलं, "अरे, तूं काय म्हैस आहेस? सरकार तुला मातींत लोळाला पगार देतें काय?"

अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "म्हशीला जागा बघूनच कळते, अक्का. माणसाला लोळून बघावी लागते."

लस्कर हसले. लस्कर म्हणजे कालव्याच्या खात्यातली माणसं. पाणी असेल तेव्हा ते कालव्याची दारं उघडायचे, लावायचे. कालवा कोरडा असेल तेव्हा अप्पांबरोबर मोजणीच्या साखळ्या ओढत हिंडायचे. तंजावूरकडची ही तमिळ माणसं, त्यांना मराठी येत नव्हतं, पण बहीण भावाला बोलते आहे एवढं कुठल्याही भाषेत कळतं.

मी हसले नाही. मी गाडीत मागे बसलेल्या आईकडे पाहिलं. ती अप्पांकडे पाहत नव्हती, आत्याकडेही नाही. बैलाच्या पाठीवर एक माशी पुन्हा पुन्हा बसत होती, ती तिकडे पाहत होती.

आई झोपत नव्हती. त्या वर्षी आमच्या घरात एवढी एकच गोष्ट खरी महत्त्वाची होती, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

आदल्या कार्तिकात तिला इस्पितळात नेलं होतं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. मला भावंड होणार होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सोळा वर्षांची होते, कॉन्व्हेंटमध्ये शेवटच्या वर्गात शिकत होते, आणि आईच्या पदराआडचं मला दिसत होतं. पण घरात विचारायची पद्धत नव्हती, आणि माझा तर स्वभावच न विचारण्याचा. तो मुलगा होता हेसुद्धा मी आत्याच्या आणि शेजारणीच्या बोलण्यातून उचललं. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. अप्पा आणि एक नातलग वडवार नदीच्या काठी जाऊन आले. आई तेव्हा इस्पितळात होती. घरी असती तरी बायकांना तिथे जायची रीत नाही. अप्पांनी विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं, आत आले, आणि मी त्यांना कॉफीचा पेला दिला तेव्हा त्यांच्या नखांत माती होती. नखांच्या बाबतीत ते फार काटेकोर. मी पेल्याकडे पाहत राहिले.

त्यानंतर आई माजघरात भिंतीकडे तोंड करून पडायची. दिवसा सगळं करायची, पण हळूहळू तिच्या हातून वस्तू पडायला लागल्या. आमटीत मीठ दोनदा पडायचं. पुढ्यात भाजी आणि विळी घेऊन बसायची आणि भाजी तशीच राहायची. डॉक्टरांनी पुड्या दिल्या, मग हवा बदला म्हणाले. आत्यानं नवस बोलले. अप्पा काहीच बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी, आई चार हातांच्या अंतरावर दिव्याची काच पुसत बसलेली असताना, ते मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, ओरत्तनाडूच्या पुढे कॅम्प आहे. कालवा बंद आहे. तंबूत राहता येईल."

आमच्या घरात असंच असे. आत्या अप्पांहून मोठी, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायको एकमेकांशी बोलत नसत. मला बोलता यायला लागलं तेव्हापासून मी त्यांचा निरोप्या होते. तुझ्या आईला सांग, तुझ्या अप्पांना विचार. दोघांनाही ऐकू गेलेलं वाक्य मी पुन्हा एकदा बोलायचं, मग उत्तर यायचं.

मी आईला सांगितलं. आईनं काच दिव्यावर चढवली आणि "बरं" म्हणाली.

आत्याला मात्र पटेना. "ओरत्तनाडूला राजांनीं वाटसरूंसाठीं बांधलेलें छत्र आहे कीं! एवढें मोठें दगडी छत्र सोडून मातींत कशाला?"

"छत्रात मुलांचं वसतिगृह आहे, अक्का."

"आपले पूर्वज राजांच्या फौजेबरोबर तंबूंतून आले ते इतक्या पिढ्या इथें राहून घरांत शिरले. आतां तूं पुन्हा तंबूंत ने आम्हांला!"

पण सामान तिनंच बांधलं. लोणचं, पापड, ताकाची बरणी, आणि रांगोळीसाठी तांदळाच्या पिठाचा डबा.

अशा रीतीनं आम्ही त्या आमराईत आलो होतो आणि अप्पा जमिनीवर निजले होते.

ते उठले, अंगाची माती झटकली आणि ती जागा नको म्हणाले. मग दुसरीकडे गेले. त्यांच्या मागून फिरण्यावाचून मला काम नव्हतं, म्हणून मी फिरले. घरातले अप्पा मला ठाऊक होते: पेपर वाचणारे, ताटातलं सगळं संपवणारे, घसा खाकरून येण्याची वर्दी देणारे. हे कुणी वेगळेच होते. सगळ्यांत गार सावली एका जुन्या झाडाखाली होती. त्यांनी वर पाहिलं, एक वाळकी फांदी दाखवली आणि पुढे निघाले. एक जागा ओट्यासारखी सपाट होती. तिथल्या मातीच्या भाकऱ्यांसारख्या पापुद्र्यांवर त्यांनी पाय ठेवला. "इथे पाणी साचून बसतं," ते म्हणाले. "ज्या जागेला पाणी फसतं तिथे माणसानं झोपू नये." एका ठिकाणी त्यांनी तांब्यातलं पाणी हळूहळू ओतलं आणि उकिडवे बसून ते कुठे जातंय ते पाहत राहिले. पाणी आधी घुटमळलं, मग एका बाजूला बारीक जिभेसारखं सरकलं आणि मुरून गेलं. अप्पांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा समाधान दिसलं. त्यांनी काठीनं तिथे खूण केली.

ती जागा थोडी उंचावर होती. सकाळ-संध्याकाळ सावली, मधल्या वेळी कवडसे. आमच्या तंजावूरची माती काळी, पायाला चिकटून घरात येणारी. इथली तांबडी, मुरमाड. लस्करांनी पालापाचोळा ओढला, कडुलिंबाचा ओला पाला जाळून धूर केला. मग अप्पा गुडघ्यांवर बसले आणि तळहातानं जमीन चाचपू लागले. खडे वेचायचे, मुळांची टोकं खणून काढायची, पुन्हा हात फिरवायचा.

"एवढासा खडा," ते मला तुरीच्या दाण्याएवढा एक खडा दाखवत म्हणाले, "पहाटेपर्यंत एवढा होतो." आणि त्यांनी मूठ वळून दाखवली.

मग वाळू हवी होती. ती कालव्यातून आणायची. मी टोपली घेऊन लस्करांच्या मागे कालव्यात उतरले, आणि तळाशी उभी राहिल्यावर माझ्या तोंडून आवाज फुटेना. मी हा कालवा पाण्यानं भरलेला पाहिला होता, बसमधून, पुलावरून. आता मी पाण्याच्या जागेत उभी होते. दोन्ही बाजूंना उतरते काठ, त्यांच्यावर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या रेघा, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. तळाची वाळू लाटांच्या आकारात गोठलेली. वर बांधावर उभे असलेले अप्पा लहान दिसत होते.

"बोलायचं तर आत्ताच बोल, जूनमध्ये पाणी सुटलं की इथे बोलता येणार नाही तुला," ते वरून म्हणाले. ते थट्टा करत होते हे माझ्या थोडं उशिरा लक्षात आलं. अप्पांनी माझी थट्टा केल्याचं मला दुसरं आठवत नाही.

वाळू पसरून झाल्यावर अप्पांनी लस्करांना तंबूच्या खुंट्यांकडे पाठवलं आणि ते पुन्हा डाव्या कुशीवर निजले. खांद्याजवळ बोटानं रेघ ओढली, कमरेच्या हाडाजवळ एक, गुडघ्यांशी एक. उठले. रेघांकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी त्या रेघा पुसल्या आणि नव्या ओढल्या, एकमेकींच्या अधिक जवळ. कमरेची रेघ जास्त लांब. दोन्ही तळहात समोर धरून त्यांनी हवेत कसलं तरी माप घेतलं, जमिनीवर टेकवलं, आणि खुरप्यानं माती काढायला लागले.

आधी खांद्यासाठी उथळ खळगा, मग कमरेसाठी त्याहून रुंद, मग गुडघ्यांसाठी जेमतेम एक उतार. काढलेली माती कडेला हातानं थोपटायची, वाळू घालायची, पुन्हा थोडी काढायची. मी कितीही वेळ पाहत राहिले असते. सोनार काम करताना दुकानाच्या पायरीशी आपण उभे राहतो तसं.

"इथे झोप बघू," ते मला म्हणाले.

मी पदर सावरून निजले. माझ्या खांद्याला खळगा बरोबर मिळाला. पण कमरेचं हाड काठावर आलं, आणि खळगा मधे रिकामा राहिला. गुडघेही जुळेनात.

"अप्पा, मला लागतंय."

"तुला लागणारच," ते म्हणाले, आणि दुसरीकडे पाहू लागले.

तेव्हा मला कळलं की ती जागा कुणाची आहे. आई माझ्याहून बुटकी. आई डाव्या कुशीवर, गुडघे दुमडून निजते. तिची कमर बाळंतपणांनी रुंद झालेली. हे मी मुलगी असून, तिच्याच शेजारी वर्षानुवर्षं निजत असून, कधी ध्यानात घेतलं नव्हतं. मी वाचलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांतले नवरे बायकांशी बोलत. पानंच्या पानं बोलत. माझ्या आईवडिलांना एकमेकांशी सरळ एक वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि त्यावरून मी मनात काहीबाही ठरवून टाकलं होतं. आता मी त्या खळग्यात पडून आंब्याच्या पानांतून आभाळ पाहत होते, आणि माझ्या अंगाखाली, वाळूत, त्यांचा सगळा संसार होता. चुकून गाभाऱ्यात पाय पडावा तशी मी घाईनं उठले.

तेवढ्यात आत्या आईला घेऊन आली. "चल, चल, तुझा महाल बघ. भिंती नाहींत, छत नाहीं, राजा मात्र तयार आहे!"

तंबू अजून उभा राहिला नव्हता. गवत घातलेलं नव्हतं. तांबड्या जमिनीत तो लांबट खळगा उघडा होता, शेजारी ओल्या मातीचा छोटा ढीग. आईनं तो पाहिला. मग तिनं अप्पांचे हात पाहिले. त्यांच्या नखांत माती होती.

"नको," आई म्हणाली.

एवढंच. ती वळली, दूरच्या एका झाडाखाली गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

अप्पा खुरपं धरून उभे होते. त्यांनी हात चड्डीला पुसले. मग त्यांची स्वतःची नजर नखांवर गेली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी पाहायला नको होतं. ते कालव्यात उतरले. मी बांधापर्यंत गेले. ते तळाशी बसून वाळूनं हात घासत होते. घासतच होते.

परत आले तेव्हा आत्याला म्हणाले, "अक्का, बुजवून टाकतो."

आत्यालाही तोवर कळलं होतं. तिनं नवस बोलताना करते तसे डोळे मिटले. "बुजवूं नको," ती म्हणाली. "आतां तिच्या डोळ्यांसमोर बुजवशील तर तें आणखी वाईट. थांब. खणलेली जमीन उघडी टाकूं नये, एवढेंच. रांगोळी पडली कीं तें घर झालें."

आत्याच्या मनात एकदा आलं की तिला कुणी अडवत नसे. बैलांचं शेण होतंच. तिनं खळग्याच्या भोवतीची जमीन सारवली. खळग्यात लस्करांनी भाताचं वाळलं गवत भरलं, ते दाबून दाबून खळग्याच्याच आकाराचं केलं. त्यावर कोरई गवताची चटई, त्यावर घरून आणलेला जमखाना. मग तंबू वर चढला. कापड एका झटक्यात फुगलं, खांबावर बसलं, आणि आतला उजेड गढूळ पिवळा झाला. तिथे आत्यानं आपला डबा उघडला आणि नवरीच्या पाटाभोवती घालतात तशी चांगली रुंद, दुहेरी रांगोळी आईच्या बिछान्याच्या चारही बाजूंनी घातली. मुक्त हस्तानं. पीठ जमखान्यावरही सांडलं.

आई तिकडे झाडाखालीच होती. दुपार कलली. मला तिच्याकडे ताक घेऊन पाठवलं. मी पेला पुढे केला. तिनं घेतला नाही.

"ह्यांना कुणी आमंत्रण दिलं?" तिनं विचारलं.

मी खाली पाहिलं. तिच्या पायांजवळ, झाडाच्या मुळाशी एक भोक होतं, आणि त्यातून तांबड्या मुंग्यांची बारीक रांग निघाली होती. रांग वाळक्या पानांखालून, एका दगडाला वळसा घालून, थेट तंबूकडे चालली होती.

मी काही म्हणायच्या आत तंबूतून आत्याचा आवाज आला. "आई गं! मेलें! चावली!" आत्या पातळ गुडघ्यांपर्यंत उचलून तंबूतून बाहेर आली आणि एका पायावर नाचू लागली. एवढ्या वयाची, एवढी सोवळी आत्या. लस्करांनी तोंडं फिरवली, पण त्यांचे खांदे हलत होते.

अप्पा धावत आले, तंबूत डोकावले. "अक्का, तांदळाचं पीठ? आत?"

"मग काय दगडाचें घालूं? मुंगीच्या तोंडांत दगड घालूं? आपल्या घरांत कधीं घातला नाहीं!"

"घरात ती उंबऱ्याबाहेर असते!"

"इथें उंबरा कुठें आहे तें दाखव मला!"

एका लस्करानं कंदिलाची रॉकेलची बाटली आणली आणि रांगेवर ओतायला वाकला.

"रॉकेल नको!"

सगळे थांबले. तो आईचा आवाज होता. कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून एवढा मोठा शब्द निघाला नव्हता. ती ताडताड चालत आली. लस्कराला तमिळमध्ये म्हणाली, बाटली ठेव. मग आत्यापुढे हात केला.

"अक्का, डबा द्या इकडे. जेवायला बोलावलंत आणि आता पानावरून उठवून जाळता?"

आत्यानं मुकाट्यानं डबा दिला. डबा देतानाही तिचं उजवा पाय चोळणं मात्र थांबलं नाही.

आईनं कडुलिंबाची एक डहाळी मोडली, आत जाऊन बिछान्याभोवतीचं पीठ मुंग्यांसकट अलगद झाडून दाराशी आणलं. जमखाना झटकला. मग दाराशी बसून चिमटीतून पिठाची रेघ सोडायला लागली. तंबूपासून बाहेर, मुंग्यांच्या रांगेच्या काठाकाठानं, झाडाकडे. आईचा हात कधी एवढा स्थिर मी पाहिला नव्हता. महिनाभरापूर्वी त्याच हातातून तेलाची वाटी पडली होती. झाडाशी पोचल्यावर तिनं मुंग्यांच्या भोकापासून थोड्या अंतरावर ठिपके मांडले आणि त्यांच्याभोवती वळसे घेत मोठी थोरली रांगोळी काढली, सणाला दारात काढावी तशी. उरलेलं पीठ तिच्या मधोमध ठेवलं. मुंग्या काही वेळ गोंधळल्या. मग एक वळली, तिच्या मागून दुसरी. हळूहळू सगळी रांग तंबूकडे पाठ करून रांगोळीकडे वाहू लागली.

आई भोकाशी बसली. मीही बसले. एकेक मुंगी पांढरा कण तोंडात धरून यायची, भोकाच्या काठावर क्षणभर थांबायची आणि आत नाहीशी व्हायची. कितीही पीठ आत गेलं तरी भोक भरत नव्हतं.

"किती खोल असेल?" आई म्हणाली.

हे मला ठाऊक होतं. शाळेतल्या एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. पण जे इंग्रजीत वाचलं ते आईला मराठीत सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. शब्द सापडेनात, आणि मी मुळात कमी बोलणारी. तरी बोलले. खाली खोल्या असतात म्हटलं, वाटा असतात. दाण्याच्या खोल्या वेगळ्या. पिल्लांच्या वेगळ्या.

"पिल्लांच्या?"

"हो. त्यांच्यापाशी सारखं कुणीतरी असतं. ओल लागली तर उचलून दुसऱ्या खोलीत नेतात. ऊन वाढलं की खाली नेतात. एकटं सोडत नाहीत."

आईनं आपला हात जमिनीवर उघडा ठेवला, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा. पुष्कळ वेळ ठेवला. मुंग्या तिच्या बोटांना वळसा घालून जात होत्या. तिला एकही चावली नाही. उन्हाचे कवडसे तिच्या मनगटावरून सरकून मातीवर गेले. मला वाटलं, आपण बसलो आहोत त्या सगळ्या आमराईखाली, कालव्याखाली, पार वडवारच्या काठापर्यंत, कुणीतरी कुणाला तरी उचलून कोरड्या जागी नेत आहे.

"म्हणजे खाली रिकामं नसतं," आई म्हणाली.

"नाही."

ती उठली, हात झटकले आणि तंबूत गेली. अप्पा बाहेर तंबूभोवती पावसाच्या पाण्यासाठी चर खणत होते. निदान खणत असल्यासारखं करत होते. आईनं जमखान्याचं टोक उचललं, चटई उचलली, आणि गवतात हात घातला. तिचा हात खांद्याच्या खळग्यातून कमरेच्या खळग्याकडे गेला आणि तिथे थांबला.

"मी झोपून बघितलं," मी म्हणाले. "मला लागलं."

"तुला लागणारच," आई म्हणाली.

बाहेर खुरप्याचा आवाज थांबला होता.

आई डाव्या कुशीवर निजली. गुडघे दुमडले. तिचं अंग जमिनीत असं बसलं की मला आणखी पाहवेना. मी बाहेर आले. अप्पा तिथेच उभे होते. मी त्यांना काही सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

त्या रात्रीचं मला काही सांगता येत नाही, कारण मी झोपले. उठले तेव्हा तंबूच्या कापडावर ऊन आलं होतं. आत्या दाराशी पहारेकऱ्यासारखी बसली होती. घोट्याला चुना लावलेला, ओठांवर बोट. बाहेर लस्कर साखळ्या उचलत होते, पण कड्या वाजू नयेत म्हणून लहान मुलासारख्या दोन्ही हातांवर धरून. अप्पा झाडाला टेकून उभे होते आणि त्यांच्या हातातल्या कॉफीवर साय धरली होती. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया वर केल्या.

मी आत वळून पाहिलं. आईचं तोंड किंचित उघडं होतं. गालावर कोरईच्या काड्यांच्या रेघा उमटल्या होत्या. तिच्या श्वासाबरोबर जमखान्याची झालर हलत होती.

मी मान डोलावली. अप्पांनी ती गार कॉफी एका घोटात पिऊन टाकली.

त्यानंतर ती रोज तशी झोपली असं नाही. मधे एक-दोनदा भल्या पहाटेच ती बाहेर येऊन बसलेली मला दिसली. पण विळीपुढची भाजी चिरली जाऊ लागली, आणि आत्याच्या पायावरून ती आत्याला चिडवूही लागली. कॅम्प संपायचा दिवस आला. तंबू उतरला, गवत बैलांपुढे गेलं. सरकारी कामाचा नियम असा की जागा होती तशी करून जायची. अप्पांनी फावडं उचललं.

"मी करते," आई म्हणाली.

ती हे अप्पांना म्हणाली होती. मला नाही. त्यांच्याकडे पाहून, आत्यासमोर. आत्यानं एकाएकी बैलाच्या शिंगांची चौकशी सुरू केली. अप्पांनी फावडं खाली ठेवलं आणि ते एक पाऊल मागे सरले.

आई गुडघ्यांवर बसली. तिनं कडेची माती दोन्ही हातांनी खळग्यात लोटली, थोडी थोडी, घाई न करता. मधे खडा लागला तर काढून बाजूला टाकला. जमीन सारखी झाल्यावर तिनं तळव्यानं थोपटली, आणि पुन्हा थोपटली. मग डबा मागितला. तळाशी राहिलेलं पीठ तिनं त्या जागेवर ठेवलं, रेघ नाही, ठिपका नाही, नुसती एक मूठ. आम्ही सगळे तिथेच उभे राहिलो, मुंग्यांना ते कळेपर्यंत.

गाडीत ती माझ्या शेजारी बसली. तिच्या नखांत तांबडी माती होती. मी पाणी पुढे केलं, तिनं मान हलवली. अप्पा सायकलवरून गाडीच्या बाजूनं येत होते. कालव्याचा बांध लागायच्या आत तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं, आणि गाडी खड्ड्यातून गेली तरी ते उचललं गेलं नाही.